जाळी सोमवारी आणायची

२ ऑक्टोबर २००५, रविवार

आजपासून रोज लिहिणार. डायरी रेस्टॉरंटच्या शेठनं दिली, मागच्या वर्षीची आहे, वार खोडून नवे घालतोय. नववी नापास माणसाचं शुद्धलेखन तपासायला इथे कुणी येत नाही.

म्युनिकशेजारी गार्चिंगला थंडी पडली. पद्माकरकाकांनी भट्टी पेटवायला सांगितली. काका म्हणजे आमच्या अण्णांचे सगळ्यात थोरले चुलतभाऊ. चाळीस वर्षं जर्मनीत, इंजिनिअर, आता रिटायर. काकू जर्मन होत्या, त्या गेल्या. मला वरची खोली फुकट, बदल्यात लाकडं, भट्टी आणि काकांचा चहा. बाकीचे दिवस म्युनिकला रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कांदा. सोमवारी सुट्टी.

घरातलं तेलाचं हीटिंग मागच्या हिवाळ्यात बंद पडलं. काकांनी दुरुस्त केलं नाही. म्हणाले, भट्टी आहे की. भट्टी अमेरिकन, बिडाची. कंपनीनं तिकडे पाठवलं होतं तेव्हा आवडली म्हणून कंटेनरमधून आणली. पोरीच्या लग्नात रडले नव्हते, पण भट्टीला पोचा आला म्हणून रडले होते, असं ती पोरगी, मीनलताईच सांगते.

भट्टी पेटवली. दार उघडलं की धूर तोंडावर. काका खुर्चीतूनच म्हणाले, जाळी गेली रे मयुरेश.

भट्टीच्या डोक्यात एक जाळी असते. चिनीमातीची, मधाच्या पोळ्यासारखी भोकं. धूर त्यातून जाताना परत जळतो, म्हणून चिमणीतून धूर येत नाही आणि लाकूड कमी लागतं. काका म्हणाले, त्या भोकांवर प्लॅटिनमसारख्या धातूचा थर असतो, सगळं काम तो करतो. बारा हजार तास टिकते. म्हणजे सहा-सात हिवाळे. ही आता सातवा संपवून बसलीय. जुनी काढून म्युनिकला ऑफनच्या, म्हणजे भट्ट्यांच्या दुकानात घेऊन जा, माप जुळवून नवी देतील. फोनवर देत नाहीत, मापं फार आहेत.

मग म्हणाले, मीनलला बोलू नकोस.

कारण माहितीये. ताई डार्मश्टाटला असते. काकांची फुफ्फुसं खराब. तिनं तिकडे एक हाइम बघून ठेवलंय, म्हाताऱ्यांचं. या हिवाळ्यात घर गरम राहिलं आणि धूर झाला नाही तर विषय बंद, नाहीतर मार्चच्या आत हाइम, असं दोघांचं ठरलंय. काका म्हणतात, या घरातून मी आडवाच निघणार.

मी म्हटलं, काका, मी असताना काळजी करायची नाही. उद्या सोमवार. उद्याच आणतो.

३ ऑक्टोबर, सोमवार

दुकानं बंद. यांचा राष्ट्रीय सण. मी निघालोच नव्हतो, त्यामुळे फेरी वाचली. अंदाज बरोबर येतो माझा.

१० ऑक्टोबर, सोमवार

दुकान सापडलं. जाळी पिशवीत. काचेतून बघितलं, आत कोट घातलेली माणसं भट्ट्यांभोवती वाइन पितात तशी उभी होती. काउंटरवरचा माणूस एका बाईला कायकाय समजावत होता, ती या या, गेनाऊ गेनाऊ करत होती, म्हणजे हो हो, बरोबर बरोबर. माझं जर्मन म्हणजे कांदा, टोमॅटो, लवकर, हो शेठ.

बाहेर थांबलो. गर्दी कमी होऊ दे म्हटलं. ती बाई गेली तर दुसरा आला. तो गेला तेव्हा आत फक्त काउंटरवाला. म्हणजे सगळं लक्ष माझ्यावरच. तेही बरं नाही.

परत आलो. उ-बानच्या गाडीत जाळी बाहेर काढून नीट बघितली. काजळी धरलीय, बाकी काही झालेलं नाही. तुटली नाही, वाकली नाही. हे लोक काहीही झालं की नवीन घेतात.

११ ऑक्टोबर

आज कांदा चिरताना एकदम डोक्यात आलं. ही जाळी म्हणजे सायलेन्सर! कराडला सुधीर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये मी किती सायलेन्सर साफ केलेत. टू-स्ट्रोक गाडी पिकअप घेत नाही म्हणून आली की मिस्त्री विचारायचे सुद्धा नाहीत, सायलेन्सर माझ्या पुढ्यात टाकायचे. मयऱ्या, घे, कार्बन काढ. आत काजळी बसली की इंजिनाचा दम कोंडतो. काजळी काढली की गाडी नवी. कुणी नवा सायलेन्सर घेतलेला मी बघितला नाही.

काकांना हे सांगायचं नाही. इंजिनिअर लोकांना गॅरेजचं पटत नाही. काम झाल्यावर सांगायचं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

किचनमधून चिंच आणली होती. कोमट पाण्यात चिंच आणि मीठ, त्यात जाळी बुडवली, मग तारेच्या घासणीनं एकेक बाजू. आई देवाची भांडी घासते तसं. पाणी काळंकुट्ट निघालं, सात हिवाळ्यांचा घाण माल. घासणीवर राखाडी पावडर पण आली बरीच. जाळी पांढरी स्वच्छ. शोकेसमध्ये ठेवावी अशी.

बसवली. काकांनी विचारलं, दुकानात काय म्हणाले? मी म्हटलं, ऑर्डर दिली, अमेरिकेतून येणार, तोपर्यंत जुनीच धुऊन लावलीय.

खोटं नाही हे. भट्टी चालली तर ऑर्डरची गरजच नाही. म्हणजे ऑर्डर दिल्यासारखीच.

काका म्हणाले, धुतलीस कशानं? म्हटलं, पाण्यानं.

भट्टीवर एक गोल डायल आहे, त्याची सुई जाळीपर्यंत जाते. अमेरिकन आकडे. पाचशेच्या वर गेली की जाळी कामाला लागली समजायचं, हजाराला मजेत. आज सुई चारशेला थांबली. नवीन धुतलीय, बसायला वेळ लागणार.

१ नोव्हेंबर, मंगळवार, दिवाळी

इथे पण सुट्टी, पण मेलेल्या माणसांची. लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. लांबून बघितलं तर आपल्याच पणत्या.

मीनलताई आली. ताईला मराठी सगळं समजतं, बोलते जर्मनच. मला काही कळवायचं असलं तरच लहानपणीच्या मराठीत. काकांना पापा म्हणते. मी चकल्या तळत होतो. तिनं भट्टीत लाकूड टाकायला दार उघडलं आणि अर्धी खोली धुरानं भरली. काकांना खोकल्याची उबळ. ताईनं सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेर दोन डिग्री. माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक विचारलं. मी म्हटलं, ताई, तेल तापलं, चकलीचा धूर आहे तो.

ताई म्हणाली, चकली भट्टीत तळतोस का? हे मराठीतच म्हणाली.

काका मध्ये पडले. म्हणाले, चिमणी गार असली की होतं असं. चाळीस वर्षं इंजिनिअरिंग केलंय मी, मला शिकवू नकोस. ताई म्हणाली, पापा, चाळीस वर्षं सिगारेट पण ओढलीत. मग दोघं हसले. मीही हसलो. काका हसता हसता परत खोकले, तेव्हा फक्त ताईचं हसू थांबलं.

जाताना ताईनं चकलीचा डबा घेतला आणि मला म्हणाली, मयुरेश, तू खरं सांगशील ना मला, काही झालं तर? म्हटलं, म्हणजे काय ताई.

काकांनी दारातून सगळं ऐकलं. ती गेल्यावर म्हणाले, जाळी कधी येणार? म्हटलं, बोटीनं येतेय.

१४ नोव्हेंबर, सोमवार

चूक समजली. मी अर्धंच काम केलं होतं. सायलेन्सर नुसता धुऊन भागत नाही, भाजावा लागतो. लाल होईपर्यंत तापवायचा, मग ठोकायचा, आतला कार्बन पापड होऊन पडतो. ही मिस्त्रींची पहिली शिकवण आणि मी विसरलो.

काल जाळी किचनला नेली. लंच झाल्यावर तंदूर मोकळा होता. सळईला अडकवून आत सोडली. तंदूरवाल्यानं विचारलं, हा कुठला नान? म्हटलं, जर्मन. मस्त लाल झाली. बाहेर काढून पाण्याचा हबका मारला, लाटण्यानं हलकं ठोकलं.

तुकडे झाले. एक मोठा, बाकी लहान.

तंदूरवाला म्हणाला, नान करपला तुझा.

विचार केला तर बरंच झालं. आतून ती आधीच गेली होती, माझ्या हातात फक्त दिसलं. चांगली जाळी तंदूरनं फुटते का? आमचा तवा कधी फुटला? तुकडे पिशवीत ठेवलेत. आता दुकानात नेऊन काय तोंड दाखवणार, ते विचारणार कसं फुटलं. जर्मनमध्ये तंदूर कसा समजावणार.

काका भट्टीकडे वाकू शकत नाहीत. गुडघे.

१५ नोव्हेंबर

सगळा प्रश्न सुटला!! कराडला नव्या गाड्या यायला लागल्या तेव्हा त्यांच्या सायलेन्सरमध्ये पण कॅट नावाची जाळी असायची. सरकारी नियम. लोक गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात मिस्त्रींकडे यायचे, ती काढून टाकायला. मिस्त्री म्हणायचे, ही जाळी सरकारसाठी, पिकअप तुझ्यासाठी.

आज जाळी न बसवताच भट्टी पेटवली. काय ओढ! लाकूड टाकलं की भडका. दार उघडलं तरी धूर बाहेर नाही, सरळ वर. इतके दिवस त्या जाळीनंच भट्टीचा गळा दाबला होता. काका म्हणाले, आज ऊब बरी वाटते रे. बस. एवढंच हवं होतं.

डोकं लागतं. शाळा लागत नाही.

५ डिसेंबर, सोमवार

नोंद: लाकूड जास्त जातंय. मागच्या वर्षी काकांचा बुखंचा ढीग मार्चपर्यंत पुरला होता म्हणे. बुखं म्हणजे इथलं कडक लाकूड, काका दोन वर्षं वाळवल्याशिवाय भट्टीत घालू देत नाहीत. आता डिसेंबरलाच ढिगाची मागची भिंत दिसते. उपाय केला. रेस्टॉरंटच्या मागे भाजीची खोकी येतात, ती आणतो. नारळाच्या करवंट्या पण, त्या तर पेट्रोलसारख्या जळतात. बागेतलं सफरचंदाचं झाड ऑक्टोबरात पाडलं होतं, ते कापून ओलंच आत ढकलतो. आगीत वाळतंच की.

काकांची आता एक सवय झालीय. गादी भट्टीच्या खोलीत आणलीय, तिथून दर संध्याकाळी विचारतात, सुई किती? खरी सुई साडेतीनशे-चारशेच्या मध्ये कुठेतरी लोळते. मी म्हणतो आठशे. कधी नऊशे. सारखं एकच सांगितलं तर संशय येईल. काका म्हणतात, शाब्बास.

आज म्हणाले, जाळीचं काय झालं? म्हटलं, कस्टममध्ये अडकली. काका म्हणाले, जर्मन कस्टम, मग आला मे महिना. आणि हसले. त्यांना पटलं.

११ डिसेंबर

शेजारच्या फ्राऊ लिंडनर कुंपणाशी थांबवून बोलल्या. वाळत घातलेल्या चादरीवर बोट फिरवून दाखवलं. बोट काळं. मी गूटन टाग म्हटलं आणि दोन चकल्या नेऊन दिल्या. खाल्ल्या त्यांनी. म्हणजे मिटलं.

२५ डिसेंबर, रविवार, नाताळ

ताई दोन दिवसांसाठी आली. काकांसाठी नवीन पंप आणला, तोंडात धरून ओढायचा. आता दिवसातून चार वेळा ओढतात, पूर्वी दोनदा ओढायचे. हवेचा परिणाम. सगळ्यांनाच होतो या दिवसांत.

ताईनं भट्टीच्या काचेवरून बोट फिरवलं. काच काळी. म्हणाली, पूर्वी यातून ज्वाळा दिसायच्या, लहानपणी मी इथे बसून अभ्यास करायचे. मी म्हटलं, ताई, काच मी उद्याच घासतो. ती म्हणाली, मी काचेबद्दल बोलत नाहीये.

मग काकांशी बराच वेळ जर्मनमध्ये. मला शब्द कळले ते तीन: मार्च, हाइम, धूर. काका मराठीत ओरडले, मी कुठेही जाणार नाही, हा पोरगा सगळं नीट करतो! मी किचनमध्ये होतो. हातातली वाटी खाली ठेवली. कुणी माझ्याबद्दल असं ओरडून कधी बोललं नव्हतं. नापास झालो तेव्हा अण्णा ओरडले होते, पण ते वेगळं.

ठरलं. नवीन जाळी आणायची. गरज आहे म्हणून नाही, काकांच्या समाधानासाठी. उद्याच.

२६ डिसेंबर, सोमवार

नाताळचा दुसरा दिवस. यांना एक दिवस पुरत नाही. बंद.

९ जानेवारी २००६, सोमवार

दारावर चिठ्ठी. २ फेब्रुवारीला चिमणीवाला येणार. काळे कपडे, उंच टोपी, इथे त्याला बघणं शुभ मानतात, लोक त्याच्या बटणाला हात लावतात. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, तो वर बघेल आणि खालीही बघेल. जाळी नसेल तर भट्टी बंद करून जाईल. भट्टी बंद तर घर गार. घर गार तर मीनल.

मी म्हटलं, काका, जाळी आहे की आत. काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, असं का. बरं.

तीन सोमवार हातात आहेत. भरपूर.

१६ जानेवारी, सोमवार

दुकानापर्यंत गेलो. आत तोच माणूस. माझ्या पिशवीत तुकडे खुळखुळत होते. समोरच्या बेकरीत कॉफी घेतली, वाक्य पाठ केलं: मला हे नवीन पाहिजे. मग तेच परत परत. कॉफी संपली, वाक्य गेलं. अजून दोन सोमवार आहेत.

२३ जानेवारी, सोमवार, दुपार

उणे अठरा. नळाचं पाणी सोडून ठेवलंय, गोठू नये म्हणून. म्युनिकला जायचा प्रश्नच नाही, काकांना या थंडीत एकटं सोडून? जबाबदारी कळते मला.

काका पांघरुणात, ओठ निळसर. म्हणाले, मयुरेश, जरा जोरात कर. मी खोकी, करवंट्या, ओंडके सगळं भरलं आणि भट्टीची हवेची खिडकी पूर्ण उघडली.

आणि आत्ता, हे लिहिताना, भट्टीनं खरा आवाज काढलाय! आधी घुं घुं, मग चिमणीतून असा गडगडाट की भिंत थरथरतेय. बंद सायलेन्सरची गाडी एकदम मोकळी व्हावी तसा. फुल थ्रॉटल. मिस्त्री असते तर पाठ थोपटली असती. जाळीवाल्या भट्टीनं सात वर्षांत असा आवाज काढला नसेल. पिकअप आला!

काका झोपलेत. त्यांना उठवून ऐकवतो.

२४ जानेवारी

चिमणीला आग लागली होती. भट्टीला नाही, चिमणीला. आतून धुराचं डांबर साठलं होतं, ते पेटलं. काल मला वाटलेला पिकअप तोच.

फ्राऊ लिंडनरनी फोन केला. त्यांना छपरावरून ठिणग्या उडताना दिसल्या. फायर ब्रिगेडवाले आले तर पाणीच मारेनात. काकांनी स्ट्रेचरवरून मला सांगितलं, पाणी मारलं तर चिमणी फुटेल, आपोआप जळू देतात. श्वास लागलेला, तरी मला शिकवत होते. भिंतीला चीर गेली, त्यातून धूर खोलीत आला. मी दार उघडलं, काकांना ओढत बाहेर आणलं, माझी चादर त्यांच्यावर घातली. हे कुणी बघितलं नाही.

आडवाच निघणार म्हणाले होते, आडवेच निघाले. पण जिवंत. आता हॉस्पिटलला आहेत.

चिमणीवाला ठरल्यापेक्षा आधीच आला. चिमणीतून बादल्या भरून डांबर काढलं. मग टॉर्च लावून भट्टीच्या डोक्यात बघितलं. हात घालून चाचपलं. माझ्याकडे वळून विचारलं, कुठंय? एवढं जर्मन मला कळलं. मी वर छताकडे बघितलं, जणू तिकडे उडाली. त्यानं भट्टीला लाल पट्टी लावली. बटणाला हात लावायचा राहिला.

२६ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटल. काका बसलेले, नाकात नळी. ताई खिडकीशी उभी, हातात चिमणीवाल्याचा कागद. तिनं विचारलं. मला नाही, काकांना. जर्मनमध्ये, मग मला पण कळावं म्हणून असेल, मराठीत. पापा, जाळी कुणी काढली?

मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं.

काका म्हणाले, मीच काढायला सांगितली. ओढ बरी मिळते. त्याला काय माहीत? मी सांगितलं, त्यानं केलं.

ताईनं कागदाची घडी घातली. मग खाली बसली. रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, पापा, तुम्ही आयुष्यभर भट्ट्या आणि बॉयलर डिझाइन केलेत. तुम्ही असं सांगितलंत? मग तुम्हाला आता एकटं नाही ठेवता येणार. तुमच्यावर नाही विश्वास ठेवता येणार.

काका जर्मनमध्ये हो म्हणाले. या, गेनाऊ.

एवढंच. ऑक्टोबरपासून जी गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती ती सोडून दिली, पांघरूण सोडावं तशी.

मी जर्मनमध्ये काय सांगणार होतो, शब्दच नव्हते. (ताईला मराठी येतं. पण त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.)

बाहेर पडताना काकांनी हात केला. जवळ गेलो. म्हणाले, चिंचेनं घासली होतीस ना? ऑक्टोबरपासून घरात चिंचेचा वास होता. म्हटलं, हो. म्हणाले, पुढच्या वेळी घासू नकोस. थर जातो. नुसतं कोमट पाणी.

पुढच्या वेळी, म्हणाले. म्हणजे रागावले नाहीत.

६ फेब्रुवारी, सोमवार

काकांना डार्मश्टाटला नेलं. ताईनं मला महिनाअखेरपर्यंत घर सोडायला सांगितलं, गोड शब्दांत. म्हणाली, तुझी चूक नाही, तू काय करणार. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

रेस्टॉरंटवर माळ्यासारखी एक खोली आहे. शेठ म्हणाला, ये. खाली तंदूर असल्यानं जमीन गरम असते. फायदाच झाला बघायला गेलं तर.

१३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात गेलो. आत.

एकही गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर पिशवी उपडी केली. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही, आठवायची गरज पडली नाही. तो माणूस हसला नाही. तुकडे एकाला एक लावून त्यानं काउंटरवर जाळी परत जुळवली, मोठा तुकडा, मग लहान, मग पट्टी ठेवून माप घेतलं. आल्झो, म्हणजे चला तर, म्हणाला. मागे वळला आणि शेल्फवरून एक खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं.

शेल्फवर होती. अमेरिका नाही, बोट नाही, कस्टम नाही. त्याच्या पाठीमागे, डोक्याच्या उंचीवर. ऑक्टोबरात काचेतून मी जिथे बघत होतो तिथेच.

चहा उकळायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ लागला.

बाहेर येऊन खोकं उघडलं. पांढरी नाही, मातकट करड्या रंगाची असते नवीन. मी घासून पांढरी केली होती ती.

असो. जाळी आणली. आणतो म्हटलं होतं, आणली. उशीर सगळ्यांनाच होतो.

५ मार्च, रविवार

इतकं बर्फ पडलंय की म्युनिकमध्ये ट्राम उभ्या. खिडकीतून काही दिसत नाही. जाळी खोक्यासकट खाटेखाली.

लंच आणि डिनरच्या मध्ये किचनच्या फोनवर काकांचा फोन आला. दर रविवारी येतो. गार्चिंगचं घर सोडलं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कशाला जीव हळहळायला लावायचा. मीनलताईला पण म्हटलं होतं, सांगू नकोस. नवीन जाळी आणली हे मात्र सांगितलंय, बसवली म्हणूनही सांगितलंय. घरात कुणी नाही तरी आठवड्यातून एकदा भट्टी पेटवतो, भिंतींना बुरशी लागू नये म्हणून, असं सांगितलंय. विचारपूर्वक सांगितलंय.

नेहमीसारखं विचारलं, सुई किती? म्हटलं, हजार काका. एकदम मजेत. चिमणीतून धूर दिसत नाही, नुसती हवा थरथरते.

हाइममध्ये मागे कुणीतरी टीव्ही लावला होता. मग काका म्हणाले, मीनलनं परवा भट्टी विकली. नेणारे आले तेव्हा तिनं मला फोटो पाठवला. चौघांनी उचलून गाडीत घातली.

माझ्या हातात झारा होता. तो कुठे ठेवावा सुचेना.

काका म्हणाले, असू दे. लाकूड कुठलं घातलंयस?

म्हटलं, बुखं.

वाळलेलं?

दोन वर्षं, काका.

शाब्बास, म्हणाले. दार घट्ट लाव. आणि फोन ठेवला.

उद्या सोमवार. उद्या डार्मश्टाटला जायचं, जाळी काकांच्या हातात द्यायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं. नक्की.

बर्फामुळे गाड्या बंद असतील. पुढच्या सोमवारी.